हामारचं काचेखालचं कॅथेड्रल: एका दिवसात वास्तुरचनेची टूर कशी बसवावी?

आडवा_छेद

नमस्कार मंडळी. ऑगस्टच्या मध्यात १४ जणांचा गट ऑस्लोला जातोय. आर्किटेक्चरची ११ मुलं, २ शिक्षक आणि एक स्ट्रक्चरल इंजिनिअर. एक पूर्ण दिवस संग्रहालय झालेल्या एखाद्या भग्न मध्ययुगीन कॅथेड्रलसाठी (म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चसाठी) राखून ठेवलाय आणि नॉर्वेतलं हामार जवळजवळ नक्की आहे.

अडचण अशी की तिथे एकाच आवारात दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे काचेच्या आच्छादनाखालचं कॅथेड्रल, आणि दुसरं वास्तुविशारद स्वेरे फेनने बिशपच्या गढीच्या अवशेषांवर केलेलं संग्रहालय. दोन्ही एका दिवसात नीट होतील का? आधी काय घ्यावं? साधी गाईडेड टूर पुरते की वेगळी मागावी? आणि मुलांनी नेमकं काय बघावं, म्हणजे परत आल्यावर हातात फक्त फोटो उरणार नाहीत? कुणी 'हामार सोडा, एस्टोनियात तार्तूला जा' असंही सुचवलंय. त्यावरही मतं हवीत.

---

चुन्याची_घाणी

दोन्ही एका दिवसात होतात. चुकतो तो क्रम. बहुतेक गट आधी फेनच्या इमारतीत शिरतात, कारण नाव त्याचं मोठं आहे. मग दमलेल्या पायांनी कॅथेड्रलमध्ये येऊन वीस मिनिटांत बाहेर पडतात. उलटं करा. आधी बिशपचं देऊळ, मग बिशपचं घर. कॅथेड्रलची भिंत वाचता आली की फेनने तशाच भिंतींना हात का लावला नाही हे आपोआप कळतं.

इतिहास ट्रेनमध्येच उरकून घ्या, म्हणजे गाईडचा वेळ त्यात जाणार नाही. ११५२-५३ मध्ये पोपचा दूत निकोलस ब्रेकस्पिअर नॉर्वेत आला होता, तेव्हा हामारला बिशपचं पीठ मिळालं. हाच पुढे ११५४ मध्ये चौथा एड्रियन म्हणून पोप झाला; आजवरचा एकमेव इंग्रज पोप. हामारचा पहिला बिशप आर्नाल्ड थेट ग्रीनलंडमधल्या गार्दारहून आला. चर्चची सुरुवात रोमानेस्क (अर्धगोल कमानींच्या) पद्धतीने झाली, नंतर पूर्वेकडचा भाग गॉथिक (टोकदार कमानींच्या) पद्धतीने वाढवला. १५३७ च्या धर्मसुधारणेत बिशपला कैद झाली आणि त्याच्या गढीत सरकारी अंमलदार राहू लागला. १५६७ मध्ये स्वीडिश फौजेने कॅथेड्रल आणि गढी दोन्ही उद्ध्वस्त केली. पुढच्या काळात आसपासच्या लोकांना आयती खाण मिळाली. म्हणजे पाडलं स्वीडिश फौजेने, पण नाहीसं केलं शेजाऱ्यापाजाऱ्यांनी. आपल्याकडच्या गडांचं यापेक्षा फार वेगळं झालेलं नाही.

आता प्रत्यक्ष भिंत. मुलांना या गोष्टी शोधायला लावा:

भिंतीची जाडी. मध्ययुगीन दगडी भिंत सहसा एकसंध नसते. दोन्ही बाजूंना घडीव दगड आणि मध्ये चुना-दगडगोट्यांचा भराव असतो. जिथे भिंत तुटली आहे तिथे तिचा आडवा छेद आयता मिळतो (तुमच्या सदस्यनामाला शोभेल असा). भराव बाहेरच्या थरांशी किती ठिकाणी जखडलाय ते बघा. बाहेरचा घडीव दगड लोकांनी काढून नेला की भराव उघडा पडतो, त्यात पाणी शिरतं आणि भिंत आतून पोकळ व्हायला लागते.

कमानी. नेव्ह म्हणजे मधलं मोठं दालन आणि बाजूची दालनं यांच्यामध्ये अर्धगोल कमानींची रांग होती, तिचा काही भाग उभा आहे. कमान नेमकी कुठून वळायला सुरुवात होते ती आडवी रेघ पकडा आणि तिथला दगड वेगळा घडवलाय का ते बघा. रांगेतली एक कमान पडली की शेजारचीचा आडवा रेटा पेलायला पलीकडे कुणी उरत नाही. मग शेवटचा खांब का टिकला? हा प्रश्न इंजिनिअर साहेबांसाठी ठेवा.

सरळ उभा सांधा. जुनं बांधकाम जिथे संपतं आणि वाढवलेलं सुरू होतं, तिथे दगडांचे थर एकमेकांत न गुंतता उभी रेघ दिसते. पूर्वेकडे ती शोधा. सापडली नाही तर 'का नाही' हेही उत्तरच आहे.

परांचीची भोकं. ठरावीक उंचीवर, ठरावीक अंतराने चौकोनी खाचा दिसल्या तर त्या बांधकामाच्या वेळच्या परांचीच्या लाकडांच्या. दोन ओळींमधली उंची म्हणजे गवंडी एका बैठकीत किती चढत होता त्याचा हिशोब.

दर्जा, म्हणजे दगडांमधले भरलेले सांधे. त्यांत भरलेला माल कुठे मऊ आणि पांढुरका आहे, कुठे कडक आणि राखाडी? भग्न वास्तूंवर मागच्या शतकात सिमेंटने दर्जा भरायची पद्धत सगळ्या जगात होती आणि तिने सगळीकडे सारखंच नुकसान केलं. सिमेंट ओलावा बाहेर पडू देत नाही, मग तो दगडातून वाट काढतो आणि दगडाचाच पापुद्रा सुटतो. चुन्याचा सांधा स्वतः झिजतो आणि दगड वाचवतो.

काच का घातली, हे सगळे विचारतात. तिथला दगड स्थानिक चुनखडी आहे. भेगेत पाणी शिरतं, गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि दगड उकलतो. खरं नुकसान कडाक्याच्या जानेवारीत होत नाही. ते होतं वसंतात आणि हिवाळ्याच्या तोंडाशी, जेव्हा पारा दिवसा शून्याच्या वर आणि रात्री खाली जातो. प्रत्येक फेरीत थोडी उकल. चारशेहून जास्त वर्षं हे चाललं होतं. १९९८ मध्ये लुंड आणि स्लाट्टो या वास्तुविशारदांचं पोलाद आणि काचेचं आच्छादन पूर्ण झालं. नॉर्वेजियनमध्ये त्याला साधं 'संरक्षक इमारत' अशा अर्थाचं नाव आहे.

टूरबद्दल. साध्या टूरमध्ये बिशप, लढाया, दंतकथा यांना जास्त वेळ जातो आणि त्यात काही गैर नाही, ती सर्वसामान्यांसाठीच असते. तुम्ही आधी ईमेलने स्पष्ट लिहा: बांधकामाचे टप्पे, दगड आणि चुना, आच्छादनाचा पाया, आतलं हवामान एवढ्यावरच बोलायचं आहे, इंग्रजीत, ९० मिनिटं. १४ जणांना एकत्र नेऊ नका. दगड आणि काच, दोन्ही आवाज परतवतात. तिथे संगीताच्या मैफिली होतात त्याचं कारण हेच, पण गाईडचं बोलणं मागच्यांपर्यंत पोचतं ते घुमून, अस्पष्ट होऊन. ७-७ चे दोन गट करा, एक कॅथेड्रलमध्ये, एक संग्रहालयात, आणि जेवणानंतर अदलाबदल. क्रमाबद्दल वर मी जे लिहिलं ते एका गटापुरतं मोडेल, पण दोन गट एकाच वेळी काचेखाली उभे करण्यापेक्षा ते परवडलं.

---

तिरपा_प्रकाश

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण सूर्याचा हिशोब कुणी मांडला नाही.

हामार सुमारे ६१ अंश उत्तरेला आहे. मध्य ऑगस्टला सूर्य सगळ्यात वर येतो तो दुपारी १:२० च्या सुमारास, आणि तेव्हाही क्षितिजापासून ४३ अंशांवरच असतो. पुण्यात त्याच दिवशी तो जवळजवळ डोक्यावर असतो. म्हणजे तिथे दिवसभर सावल्या लांब. सूर्यास्त रात्री ९ च्या आसपास.

चर्चचा अक्ष पूर्व-पश्चिम असतो. कमानींच्या रांगेची तोंडं उत्तर-दक्षिण. भर दुपारी दक्षिणेकडचं ऊन दगडावर समोरून पडतं आणि भिंत सपाट दिसते. छिन्नीच्या खुणा, सांधे, झीज सगळं गायब. रांगेला घासून जाणारं ऊन हवं असेल तर सकाळची पहिली वेळ किंवा बंद व्हायच्या आधीची शेवटची. म्हणून सकाळी टूर, आणि संध्याकाळी ३०-४० मिनिटं गाईडशिवाय पुन्हा एक फेरी. परतीची ट्रेन त्या हिशोबाने धरा.

काचेखाली आणखी एक गंमत आहे. पोलादी सांगाड्याच्या सावल्या दगडावर पडतात आणि फोटोत त्या भेगा किंवा सांधे वाटतात. मोजणीसाठीचे फोटो ढग आल्यावर घ्या, पोत दाखवायचे फोटो उन्हात. कॅमेऱ्याला पोलरायझर फिल्टर लावून काच टिपली आणि ती टफन्ड (तापवून कडक केलेली) असेल, तर तिच्यातल्या ताणाचे ठिपके-पट्टे उमटतात. स्ट्रक्चरवाल्यांना ते आवडतील, बाकीच्यांचे फोटो वाया जातील. बाहेरून आत टिपताना भिंग काचेला जवळजवळ टेकवा आणि भोवती काळं कापड धरा.

लेझरने अंतर मोजणार असाल तर परवानगी आधी मागा. काचेवर नेम धरू नका, किरण आरपार जातो किंवा परततो आणि भलताच आकडा येतो. मुलांपैकी एकाने पांढरा पुठ्ठा धरावा. ट्रायपॉडचंही विचारून घ्या.

---

वीटभट्टी

तार्तूची बाजू मांडतो, कारण ती इथे कुणी घेणार नाही असं दिसतंय.

धाग्याचा विषय काटेकोर घेतला तर 'भग्न कॅथेड्रलचं झालेलं संग्रहालय' हे वर्णन हामारला अर्धंच लागू होतं. तिथे कॅथेड्रल झाकून वेगळं ठेवलंय आणि संग्रहालय शेजारच्या गढीत आहे. तार्तूत संग्रहालय खरोखर कॅथेड्रलच्या पोटात आहे.

तूमेमॅगी नावाच्या टेकडीवरचं हे विटांचं गॉथिक चर्च. दोरपाटच्या (हे तार्तूचं जुनं नाव) बिशपचं पीठ १२२४ चं, बांधकाम १३ व्या शतकापासून, पश्चिमेचे दोन मनोरे १५ व्या शतकाच्या अखेरीस पूर्ण. १५२५ च्या जानेवारीत धर्मसुधारणावाद्यांनी आतली मोडतोड केली, १५५८ मध्ये रशियन फौज आली आणि शेवटच्या कॅथलिक बिशपला मॉस्कोला नेलं. १६२४ च्या आगीने उरलंसुरलं नेलं. १७६० च्या दशकात ६६ मीटरचे मनोरे उतरवून २२ मीटरवर आणले, वर तोफा ठेवायला चौथरा केला आणि मुख्य दरवाजा चिणून टाकला.

मग खरी मजा. १८०२ मध्ये विद्यापीठ पुन्हा सुरू झालं आणि वास्तुविशारद योहान विल्हेल्म क्राउझे याने १८०४ ते १८०७ मध्ये वेदीकडच्या भागात, म्हणजे क्वायरमध्ये, तीन मजली ग्रंथालय बसवलं. नेव्ह तसाच उघडा, बिनछपराचा ठेवला. उत्तरेच्या मनोऱ्यात १८८० च्या दशकात पाण्याची टाकी आली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ग्रंथालय नव्या इमारतीत गेलं आणि इथे विद्यापीठाचं संग्रहालय आलं.

मुलांना एकच काम द्या: क्राउझेचे मजले मध्ययुगीन खिडक्यांच्या उंचीशी कुठे जुळतात आणि कुठे त्यांना कापतात, ते बाहेरून छेद काढून दाखवायचं. आत न जाताही अर्धं उत्तर मिळतं. शिवाय विटेचं एक बरं असतं, थर मोजून उंची काढता येते. दहा थरांची उंची एकदा मोजा, बाकी गुणाकार. हामारच्या ओबडधोबड दगडात ही सोय नाही. राजधानी तालिनहून ट्रेनने सुमारे दोन तास. मनोरे हंगामातच खुले असतात, निघण्याआधी विचारा.

---

आडवा_छेद

सगळ्यांचे आभार. वीटभट्टी, तुमचा मुद्दा पटला, पण विमानं ऑस्लोची झालीत. तार्तू पुढच्या वर्षीच्या तुकडीला.

फेनच्या इमारतीबद्दल अजून कुणी बोललं नाही. रॅम्पचे फोटो सगळीकडे आहेत. त्यापलीकडे काय बघायचं?

---

बिनचौकट

रॅम्पवरून रॅम्प सोडून सगळं बघायचं.

आधी ही इमारत म्हणजे काय ते. बिशपची गढी १५६७ मध्ये पडली. पुढे तिथे स्टूरहामार नावाची मोठी शेती आली आणि गढीच्या उरलेल्या भिंतींवरच इंग्रजी यू आकाराचं धान्याचं कोठार चढलं. म्हणजे खाली मध्ययुग, वर शेतकऱ्याचं कोठार. फेनने १९६७ ते १९७९ या काळात त्यात तिसरा थर घातला. मधल्या भागात मध्ययुगीन अवशेष आणि उत्खननातल्या वस्तू, उत्तरेच्या भागात शेतकरी जीवनाचा संग्रह, दक्षिणेला सभागृह. फेनला वास्तुकलेचं १९९७ चं प्रित्झकर पारितोषिक मिळालं ते नुसत्या या इमारतीमुळे नाही, पण ही नसती तर मिळालं असतं का, शंका आहे.

मुलांना तीन सामग्रींचा पाठलाग करायला लावा.

पहिलं काँक्रीट. रॅम्प आवारातून चढतो, खोदलेल्या अवशेषांवरून वळण घेतो आणि आत जातो. आतही चालण्याच्या वाटा आणि काही खोल्या जमिनीपासून उचललेल्या आहेत. खालची माती आणि जोती उघडी ठेवून पाहुण्याला त्यांच्या डोक्यावरून नेलंय. बघायचं हे, की नवं काँक्रीट जुन्या भिंतीजवळ आल्यावर काय करतं. कुठे थांबतं, किती फट सोडतं, वजन कुठे उतरवतं. प्रत्येकाने अशी एक जागा निवडून १:१० चा तपशील काढावा. काँक्रीटवर फळ्यांचे ठसे आहेत. त्यांची दिशा चालण्याच्या दिशेशी जुळते का, तेही टिपा.

दुसरं लाकूड. छप्पर पेलणारा नवा सांगाडा चिकटवलेल्या लाकडाचा आहे. जुन्या भिंतीवर छपराचं ओझं किती टाकलंय आणि किती वाचवलंय, हे खांबांचे पाय शोधत गेल्यावर कळतं.

तिसरी काच, आणि ही माझी आवडती. भिंतीतली भोकं वेडीवाकडी होती, काही खिडक्या तर काही पडझडीच्या खिंडारी. त्यांना चौकट बसवायची तर दगड तासून सरळ करावा लागला असता. फेनने भोकापेक्षा मोठी काच घेतली आणि भिंतीच्या बाहेरच्या अंगाला लावली. दगडाला कापाकापी नाही. आतून बघताना काच दिसतच नाही, तुटलेली दगडी कडच चौकट होते. आपल्याकडे 'जुन्यासारखंच' नवं बांधून जुनं कुठलं आणि नवं कुठलं हे पुसून टाकायची जी हौस आहे, तिच्यावर हा उतारा आहे. काचेवरून ओघळणारं पाणी खाली कुठे जातं ते मात्र बाहेर जाऊन बघा. अशा तपशिलाची खरी परीक्षा पावसात होते, त्यामुळे त्या दिवशी पाऊस असेल तर कुरकुर करू नका.

वस्तूंच्या मांडणीकडे पण लक्ष द्या. बऱ्याच वस्तूंना त्यांच्यापुरता वेगळा पोलादी आधार केलाय. एक वस्तू, तिचा आधार आणि तिला मिळणारा उजेड, एवढंच एका पानावर.

काय बिघडतं? सगळे वळणाच्या त्याच ठिकाणी थांबतात, तोच प्रसिद्ध फोटो काढतात आणि वाट अडते. फोनला पहिली फेरी बंदी घाला. एक फेरी न थांबता, साधारण पंधरा मिनिटं. दुसऱ्या फेरीत वही. कुणाला चढ-उताराचा त्रास असेल तर कुठपर्यंत जाता येतं हे संग्रहालयाला आधीच विचारा, फोटोंवरून अंदाज बांधू नका.

---

पायरीचा_दगड

निघण्याआधी एक रविवार वसईच्या किल्ल्यात घालवा. खर्च लोकलच्या तिकिटाचा. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने किल्ला घेतला, त्याआधीची पोर्तुगीज चर्चं तिथे बिनछपराची उभी आहेत. चुन्याची_घाणी यांनी सांगितलेली प्रत्येक खूण, म्हणजे भराव, कमानीची सुरुवात, परांचीची भोकं, दर्जा, तिथे शोधून ठेवली तर हामारला पहिला तास चाचपडण्यात जाणार नाही.

गोव्याला जाणं जमलं तर जुन्या गोव्यातलं सेंट ऑगस्टीन बघा. १६०२ मध्ये पूर्ण झालं, १८३५ मध्ये मठ रिकामा केला, १८४२ मध्ये छताची कमान कोसळली, १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. मूळ मनोरा ४६ मीटरचा. जांभा दगड, वर चुन्याचा गिलावा. क्रम लक्षात घ्या: आधी माणूस गेला, मग छत, मग भिंत. छत गेलं की भिंतीचा माथा उघडा पडतो, पाणी वरून भरावात उतरतं. तिथे पाऊस आणि झाडांची मुळं, हामारला बर्फ. शिरकाव मात्र दोन्हीकडे वरूनच. मुलांना दोन्हीकडे भिंतीच्या माथ्यावर काय केलंय ते रेखाटायला सांगा. त्या एका तपशिलात अर्धं जतनशास्त्र आहे.

वहीची पद्धत: प्रत्येकाने कॅथेड्रलचा एकच गाळा (दोन खांबांमधला भाग) घ्यावा, १:५० वर. पावलांनी मोजणी, पण स्वतःचं पाऊल किती सेंटीमीटरचं ते आधी घरी मोजून. तीन रंग: मूळ दगड, नंतरची दुरुस्ती, १९९८ चं काम. खात्री नसेल तिथे पेन्सिलने रेषारेषा ओढून सोडावं. सगळ्यात उपयोगी तेच भाग ठरतात, कारण गाईडला विचारायचे प्रश्न तिथूनच निघतात.

---

आडवा_छेद

वसई नक्की. शेवटचं: स्टेशनवरून आवार किती लांब, आणि गाईडला खास विचारावेत असे प्रश्न कुठले?

---

चुन्याची_घाणी

ऑस्लोहून थेट ट्रेन, सव्वा ते दीड तास. स्टेशनवरून म्योसा तलावाच्या काठाने पायी अर्धा ते पाऊण तास लागतो, तलाव नॉर्वेतला सगळ्यात मोठा आणि वाट सपाट आहे. आवाराच्या नावाचा अर्थ 'कॅथेड्रलचं भूशिर', उच्चार साधारण डूमशिर्केओड्डन. शिर्के मंडळींनी हुरळून जाऊ नये, 'शिर्के' म्हणजे चर्च.

प्रश्न असे विचारा. पोलादी सांगाड्याचे पाय कुठे टेकवले, आणि तिथे खाली पुरातत्त्वीय थर होते तेव्हा काय तडजोड केली? उन्हाळ्यात काचेखाली तापमान किती चढतं आणि हवा कशी खेळवतात? थंडीत काचेच्या आतल्या बाजूला दव साचून दगडावर ठिबकतं का? पाऊस थांबला तरी जमिनीतून ओलावा चढतो. तो सुकताना क्षार दगडाच्या पृष्ठभागावर फुलतात का, आणि कोणत्या उंचीपर्यंत? काच कशी धुतात, कोण वर चढतं?

शेवटचा प्रश्न साधा वाटेल, पण तो आधी विचारा. त्याचं उत्तर देताना गाईड बिशपांवरून इमारतीवर येतो.